वाटणी

व्होरूच्या पलीकडे, आमच्या बटाट्यांच्या वावरात
माइदोनं जिथे खुंट्या ठोकल्यात
(अलीकडचं त्याचं, पलीकडचं माझं)
तिथूनच उकरली मूठभर माती.
खारवलेल्या माशांच्या रिकाम्या डब्यात भरून
बसनं तार्तूला आणली, मांडीवर.
शेजारच्या बाईनं विचारलं, रोप आहे का गं?
म्हटलं, असंच काहीतरी.

याआधी चारशे सोळा नमुने झाले.
यंत्र दर वेळी तेच सांगतं:
हे ठाऊक आहे, हेही ठाऊक आहे,
हे तर तुझ्या जन्माआधीच बाटलीत भरलंय.
प्राध्यापक कुल्बोक हल्ली विचारतसुद्धा नाहीत,
दारातून नुसती भुवई उचलतात.

मातीतले जंतू हट्टी.
बशीतलं आयतं गोडधोड नको, घरचंच लागतं.
म्हणून झिरपत्या पडद्यात गुंडाळून
त्यांना त्यांच्याच मातीत परत पुरलं
आणि नोव्हेंबरभर थांबले.
चारलाच अंधार पडायचा.

मग एका बशीत, खडूच्या ठिपक्याएवढ्या वसाहतीभोवती
रिकामं कडं.
कडेच्या रोगजंतूंना भिंगाखाली धरलं.
मेले नव्हते.
लांब झाले होते.
आखूड काड्यांच्या शेवया झालेल्या,
आत सगळा ऐवज दुप्पट, चौपट,
मधली भिंत तेवढी उभी राहत नव्हती.
दोन व्हायचं राहून गेलेलं एकच अंग
ताणत ताणत
शेवटी उसवलेलं.

यंत्रानं या वेळी काहीच सांगितलं नाही.
नावाचा रकाना कोरा.

मला माहीत आहे,
बहुतेक हे उंदराच्या यकृतापाशीच अडकेल.
नाही अडकलं तरी दहा वर्षं.
आईच्या जखमेत त्या मार्चमध्ये
एकाचे दोन, दोनाचे चार होत होते,
आणि डॉक्टर औषधांची नावं
एकेक करून खोडत होते.
शेवटचं नाव खोडलं तेव्हा
माइदो खिडकीकडे तोंड करून उभा होता.
खुंट्या त्यानंतरच्या.

रात्री त्याला फोन केला.
पैसे मिळणार का, म्हणाला.
मिळालेच तर विद्यापीठाला.
मग माती कुणाच्या हिश्श्यातली?
म्हटलं, खुंटीच्या बुडातली.
बराच वेळ नुसता त्याचा श्वास,
मागे कुठेतरी किटलीची शिट्टी.
"तरीच," तो म्हणाला,
"खुंटी वाकडी झाली होती.
मी सरळ केलीय."