उलटी मानस

तीनदा थुंकी तपासली, तीनदा टीबी नाही.
मग सीटी. बांबोळीच्या त्या गार खोलीत
डॉक्टर मिनेझिसबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.
दोन्ही फुप्फुसांत गोल डाग, विखुरलेले,
उजवीकडचे तीन आतून काळे.

काळं म्हणजे हवा, त्या म्हणाल्या.
दोन वर्षांपूर्वी जिभेवरून काढलं, त्याचंच बी.
इथे रुजलं आणि घाईने वाढलं,
इतक्या घाईने की रक्त काठापर्यंतच पोचलं,
मधलं उपाशी राहिलं.
उपाशी ते मेलं, मेलेलं सैल झालं,
आणि शेजारची श्वासनळी फुटून वाट मिळाल्यावर
खोकल्याबरोबर थोडं थोडं बाहेर आलं.

मला दिवाळीपासूनच्या सकाळी आठवल्या.
राख घातलेला नारळाच्या तेलाचा रिकामा डबा,
तो माडाच्या मुळाशी पुरताना मी म्हणायचे,
बरं झालं, बाबांची छाती मोकळी होतेय.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघत होतो.
बाबांनी विचारलं, भोक कसं पडलं?
चोडणच्या खाजनात चाळीस वर्षं बांध राखलेला माणूस.
कुर्लीने पोखरलेला बांध त्यांना
तळव्याखालच्या ओलीवरून कळायचा.
मी सांगितलं, जसं ऐकलं तसं.
भिंत जाड आहे, वेडीवाकडी आहे.
कधीकधी हवा आत जाते, परत येत नाही,
मग पोकळी फुगत राहते.

ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. सुकती लागली होती.
भरतीला दार आपोआप मिटतं, सुकतीला उघडतं,
आतलं पाणी बाहेर जातं, नदीचं आत येत नाही,
अशी असते मानस.
"म्हणजे उरफाटी बसयल्या," ते म्हणाले.
"मेस्ताची चूक."
आणि हसले, मग खोकला, मग रुमाल,
रुमाल त्यांनी मला दाखवला नाही.

एक गोष्ट मी फेरीत सांगितली नाही.
काठाजवळची एखादी फुटली
तर फुप्फुस मिटतं, अचानक,
तेव्हा रात्र असो, काही असो, सरळ कॅज्युअल्टीत आणा.

रात्री ते झोपल्यावर
शेजारच्या आग्नेलोला विचारून घेतलं,
शेवटच्या फेरीनंतर होडी कोण काढतो.
नंबर कॅलेंडरवर लिहिला,
पुढच्या तीन महिन्यांच्या पानांवरही.
चौथ्यावर लिहिताना
पेन थोडा वेळ तसाच धरून राहिले.