चार फूट खाली

खोक्यावर बर्फाच्या कणाचं निळं चित्र होतं
आणि त्यावर लाल फुली.
'पेडणेकर,' फ्रेनीबाई म्हणाल्या, 'भाच्याने कॅनडाहून धाडला.
उणे तीसमंदी पन पानी गोठत नाय.'
मी रुमालाने मान पुसली.
मे महिना. महालक्ष्मीच्या मागचा तबेला.
पत्र्याखाली नऊ घोडे
आणि हरचंद सईस,
बावीस वर्षं बादल्या मोजणारा.

मी आधी दोन नमुने दाखवले होते.
एक प्लास्टिकचा, बॉलकॉकवाला, स्वस्त:
बंड्याने तो दुपारपर्यंत चावून ठेवला.
दुसरा बिडाचा. नाकाने पट्टी दाबली की पाणी,
पण उन्हात असा तापायचा
की घोडी ओठ लावून मागे सरायची.

मग हा उंच, जाड, मुका खांब.
आत चार बोटं फोम.
पत्रकात लिहिलेलं, नळी चार फूट खाली पुरा,
तिथवर थंडी पोचत नाही.
मी ते दोनदा वाचलं.
जिथे थंडी पोचत नाही
तिथे आमचं ऊनही पोचणार नाही, नाही का?

खणायला घेतलं.
एका फुटावर विटांचा चुरा,
दोनावर कुणाचा तरी जुना नाल, गंजून पापडासारखा.
हरचंदने तो धोतराला पुसून खिशात टाकला.
तीन फुटांवर काळा दगड. दोन दिवस छिन्नी.
चौथ्या फुटावर माती गार लागली,
माठाच्या पोटासारखी.
मी उगाच तळहात तिथे ठेवून बसलो.

हीटरची तार मी कापली. ती अजून माझ्या पेटीत आहे.
पालिकेचं पाणी साडेचारला येतं, सातला जातं,
म्हणून वर टाकी, टाकीला बॉलकॉक,
दाब कमी म्हणून व्हॉल्व्हचं भोक
पाऊण मिलीमीटर मोठं केलं.
कॅनडाला हे कळवायची गरज नाही.

बटन नाही, बादली नाही. पाणी आपोआप.
फ्रेनीबाईंनी टाळ्या वाजवल्या.
हरचंद गप्प.
संध्याकाळी बिडी न पेटवता म्हणाला,
'कोकम आजारी पडली तर मला कसं कळणार?
अडीच बादल्या पिते ती.
दीड झाली की मी डॉक्टरला बोलावतो.
आता ही नळी काय सांगणार मला?'

मी म्हटलं, मीटर लावू. नऊ मीटर, बिल वेगळं.
तो हसला. 'आकडा पोटदुखीनंतर दिसतो, साहेब.'

त्या रात्री मी गळती बघायला थांबलो.
दहा, अकरा. कोकम खांबाला हुंगून मागे फिरायची,
व्हॉल्व्ह फुसकारला की कान टवकारायची.
हरचंदने पट्टी स्वतःच्या बोटाने दाबून धरली,
काही बोलला नाही, फक्त शीळ घातली, हलकी,
बादली ठेवताना घालायचा तशी.

तिने तोंड बुडवलं.
'कान बघा,' तो कुजबुजला.
प्रत्येक घोटाला तिचे कान
मागे जात, पुढे येत, मागे जात.
त्याचे ओठ हलत होते.
एकोणचाळीस, चाळीस.

सकाळी बिल लिहायला बसलो.
खणाई, नळी, टाकी, मजुरी.
मीटरच्या ओळीवर थांबलो,
मग ती खोडली.