उकळलेली पांढरी

नोआमच्या बॅगेतून दोन बाटल्या निघाल्या
त्याच्याच बनियनांत गुंडाळलेल्या,
आणि पासपोर्टातून घडी घातलेलं परमिट.
बडोद्यात हिची वरात अशीच येते, आजी,
कागद पुढे, नवरी मागे.

एकसष्ट वर्षं मी या गावात
गुरुवारी रात्री काळ्या मनुका भिजवत आले.
मांडवीतला रसिकलाल विचारायचा,
बेन, दर आठवड्याला एवढी खीर खातं कोण?
मी सांगायची, वरचा.
सकाळी कुस्करायच्या, मलमलीतून पिळायच्या,
गुळाच्या पाण्याचा रंग,
त्यावर हे किद्दुश म्हणायचे प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये.
मालगाडी लेट असली
की शब्बाथ दाराशी ताटकळायचा.

नोआम अश्दोदला वाइनच्या दुकानात आहे.
निघण्याआधी फोनवर यादी वाचत होता,
सगळ्या पांढऱ्या, सगळ्या कोशेर:
गलीलच्या डोंगरावरची, हिरव्या सफरचंदाची,
यहूदाच्या टेकड्यांवरची, लाकडी पिंपात वर्षभर निजलेली,
एक लिचीसारखी, ती तुला आवडेल,
आणि एक इतकी कोरडी की सोबत तळलेलं पापलेट मागते.
दारू कोरडी कशी असेल रे?
कोरडं तर आमचं सगळं राज्य आहे.

टेबलावर दोन्ही उभ्या केल्यावर
लेबलावरच्या बारीक हिब्रूवर त्याने बोट ठेवलं.
ही खरी चांगली. पण हिला
आपल्यातल्याच माणसाने उघडायचं, आपल्यातल्यानेच ओतायचं.
दुसऱ्या कुणाचा हात लागला की संपलं.
आणि ही उकळलेली. हिला कुणीही ओतलं तरी चालतं.
पण उकळल्याने चव जराशी बसते,
जाणकार नाक मुरडतात.

तेवढ्यात शकू मोहिते आली,
शेजारची, दांडिया बाजारातली तीन पिढ्यांची,
हात पुसत, पदर खोचून,
मनुका पिळायला.

माझं मनगट थरथरतं तेव्हापासून,
म्हणजे अकरा वर्षं, तीच पिळते.
नोआमने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि काही बोलला नाही. गुणी पोर आहे.
मीच मनात हिशेब केला:
अकरा वर्षांचे शुक्रवार, पाचशेच्या वर.
वरच्याने एकही पेला परत पाठवला नाही.
पाठवला असेल तर पोस्टाने हरवला.

म्हटलं, ती चांगली फ्रीजमध्ये ठेव, लोणच्यामागे.
पेसाहला अहमदाबादला नेऊ, तिथे दहा माणसं असतात.
आज उकळलेली काढ.
चव बसलेली आहे, आजी.
बसू दे. आमचीही कुठे उभी आहे.

दिवे लावून मी डोळ्यांवर हात धरले.
कायद्यानेही तेवढा वेळ धरले असावेत.
बूच नोआमने काढलं,
ओतलं शकूने, चिंचोळकर साहेबांच्या चांदीच्या पेल्यात,
एक थेंब न सांडता,
जशी ती तेल ओतते, समईत.

पांढरी म्हणतात, पण पांढरी नाहीच.
मेथी रात्रभर भिजवलेलं पाणी असतं तशी.
आणि पेल्याचा तळ दिसला.
मनुकांच्या रंगाखाली इतकी वर्षं झाकलेला
तो पोचा:
झिपोराने तीन वर्षांची असताना
पेला फरशीवर आपटून घंटा वाजवली होती,
आणि हे रागवायच्या ऐवजी म्हणाले होते, गाडी सुटली.

नोआम किद्दुशच्या मध्येच थांबला.
काय झालं, आजी?
काही नाही. तू म्हण पुढे. तुझ्या आईचा आवाज आला.

शकूने घोट घेतला नाही, फक्त वास घेतला.
वासाला अजून परमिट लागत नाही.
डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली,
मग म्हणाली, कैरीचं साल. आणि ओली पाटी,
शाळेतली, थुंकी लावून पुसलेली.
नोआमने मोबाइल काढला
आणि शब्बाथ असूनही ते लिहून घेतलं,
दुकानात गिऱ्हाइकांना सांगायला.
मी पाहिलं नाही असं केलं.