मामाचा एक पाय

मंडईच्या दुसऱ्या रात्री
धान कापलेल्या बांधीत तंबू लागला.
पुढून पाहायला आठ आणे, पडद्यामागून चार.
आम्ही चार आण्यांचे.
म्हणून त्या सिनेमातलं अख्खं कुटुंब
आम्हांला डावखुरं दिसलं.

ढेरपोट्या बाप, मिटत नाही अशी छत्री घेतलेली आई,
सहा पोरं, टोपीवाला मामा,
आणि का आणली ते कोणीच न सांगितलेली बकरी.
नाव भाड्याची. बाप वल्हं मारतोय, मारतोय,
घामानं मिशीचा रंग ओघळला,
नाव जागची हलेना.
दोर खुंट्यालाच.

"सोड ना बे दावं!"
इस्तारी मारबते उभाच राहिला.
चाळीस वर्षं तलावात डोंगा घालणारा माणूस,
त्याला हसू नाही, संताप येत होता.
"वल्हं कोन्या हातात धरते, पाह्य ना!
कोनं देल्ला याले डोंगा?"
लोक सिनेमापेक्षा त्याला हसले.
कवडूची बायको शिंगाड्यांच्या टोपलीसकट कलंडली.

मग दोर सुटला.
मामाचा एक पाय काठावर, एक नावेत,
मधलं पाणी रुंद होत चाललं,
रुंद होत चाललं,
धोतर डफासारखं ताणलं,
आणि जनरेटर खोकला.

डिझेल सकाळी येईल, म्हणाले.
सकाळी बांधीत नुसत्या खुंट्यांची भोकं.

आठवडाभर गावात दोन पक्ष.
पुढून पाहणारे म्हणत, उजवीकडे पडला असंल.
आम्ही म्हणायचो, डावीकडे.
चक्कीवाला शेंडे पीठ झटकत म्हणाला,
"अशा वक्ती मधातच पडते मानूस."

रविवारी इस्तारीनं आम्हां पोट्ट्यांना पाळीवर बोलावलं.
टोपी नव्हती, डोक्यावर जर्मनचा गंज.
एक पाय काठावर, एक डोंग्यात.
बगळ्याचा तोल असलेला तो माणूस
खोटा खोटा थरथरू लागला,
हात गरगर, डोळे बटाट्याएवढे,
आणि पडला.
मधातच.
वर आला तो कानावर शिंगाड्याचा वेल घेऊन.

दसरी, त्याची बायको, धुणं टाकून हसली.
तिला पुढचे दोन दात नाहीत
हे मला त्या दिवशी कळलं.
"अजून एक डाव पडा ना जी," म्हणाली.
तो पाच वेळा पडला.
गंज बुडाला. त्यावरून संध्याकाळी भांडणही झालं.

परवा नागपुरात
पुतण्याच्या फोनवर तोच सिनेमा सापडला.
पुढून पाहिला. सगळे उजव्या हाताचे.
मामा पडत नाही.
बकरी दोर दातांत धरून नाव काठाशी ओढते,
तो आरामात उतरतो, टोपी झटकतो.
मागे घेऊन पुन्हा पाहिलं. नाहीच पडत.

रात्री चिखलबोडीला फोन लागला.
धानाचा भाव, शेंडेच्या नातीचं लग्न,
तलावात यंदा मासोळी किती,
सगळं बोललो.
हे नाही.