आकडा

खोऱ्यात खांब रोवले त्या वर्षी
नकाशा माझ्याच टेबलावर पसरलेला होता.
अकरा गावं, चार हजार उंबरे,
एका खांबाला आठ आकडे,
प्रत्येक आकड्यावर घराचा आकडा, पांढऱ्या रंगात.
सोमवारी प्लास्टिक, बुधवारी ओला,
गुरुवारी कागद, शनिवारी पुन्हा ओला,
आणि जे कशातच बसत नाही
ते पंधरवड्यातून एकदा, काळ्या पिशवीत.

बास्क माणसं ऐकतात, पण आधी भांडून घेतात.
आमचं खरकटं चव्हाट्यावर टांगता?
मूठ झाकलेली राहू द्या की जरा.
बित्तोरीनं सासूची जाड लिननची चादर फाडली,
तिच्यावर लिहिलं:
माझ्या दारात फाशीचे खांब नकोत.
तीन आठवडे चादर गॅलरीत.
पावसानं अक्षरं ओघळली,
'फाशी' तेवढं शेवटपर्यंत वाचता येत होतं.

सभेत ती उठून म्हणाली,
तू फर्मिनची ना?
सांग बापाला, त्याची पोर
आता लोकांच्या माशांचे काटे मोजते.
बापाला जाऊन दोन वर्षं झाली होती.
तिला ते माहीत होतं.
दफनानंतर सूपचं भांडं तिनंच आणलं होतं.

खांब उभा राहिला तरीही.
खांब अठ्ठाविसावा. आकडा दोनशे सतरा.

आता बादलीच्या बुडाशी चिप असते.
गाडी उचलते, तोलते,
पहाटे अडीचला सगळं माझ्या यंत्रात उतरतं,
आणि सकाळच्या कॉफीबरोबर मी खोरं वाचते:
एकशे तीनकडे पाहुणे,
चारशे अकरा अजून समुद्रावर,
पाचशे नव्वदला पुन्हा कुणी जेवत नाहीये.

दोनशे सतरा: शून्य.
शनिवारी, शून्य.
सबंध ऑक्टोबर शून्य.
बादली टांगली जाते, उचलली जाते, शून्य.
नियम बावीस, पोटकलम ब:
रिकामी बादली टांगू नये. गाडीचा वेळ जातो.
आधी नोटीस, मग बारा युरो.

नोटीस छापली. पाठवली नाही.
गाडीवरच्या उनाशला विचारलं.
धुतलेली असते ग, तो म्हणाला, आतूनसुद्धा.
मी झाकण उघडतो, लावतो, परत अडकवतो.
मग वरचा दिवा विझतो.

गेले. नोटीस पर्समध्ये.
बित्तोरी ओटा पुसत होती,
फडक्याला फिकट निळी शाई,
'नको'तला 'न' असावा.
सालं कोंबड्यांना जातात, तिनं सांगितलं,
शिळा पाव सूपात, कॉफीचा चोथा गुलाबांना.
एकटीकडे टाकायला उरतं काय?

मग टांगता कशाला?

ती खिडकीशी गेली.
सात बादल्या आणि एक उघडा आकडा,
कसं दिसेल ते?
पुढचा दात पडल्यासारखं.
लोक म्हणतील, आटोपलं हिचं.

मग तिनं सफरचंद कापलं.
परसातल्या झाडाचं, डागाळलेलं,
इतकं आंबट की डोळा मिटावा.
अर्धं मला.
बिया आणि गाभा मी बशीत ठेवला.
झाडाबद्दल बोललो, तिच्या गुडघ्याबद्दल,
उनाशनं लग्न करावं की नाही याबद्दल.
नोटीस काढायची राहून गेली.

कचेरीत शेऱ्याचा रकाना सक्तीचा आहे.
एक: झाकण तुटलं. दोन: चिप वाचत नाही.
तीन: घर बंद. चार: इतर.
मी चार दाबलं.
यंत्रानं विचारलं, तपशील?
मी लिहिलं: वापरात.

बुधवारनंतरची सकाळ.
कॉफी अजून गरम.
दोनशे सतरा: साठ ग्रॅम.

म्हणजे कोंबड्यांना दिलं नाही तिनं.