उलटून इस्त्री

शमीम म्हणते, मांजरपाट आधी उकळून घे,
खळ गेल्याशिवाय कापड तुझं ऐकायचं नाही.
मी उकळते. वरणाच्या पातेल्यात, आईची नजर चुकवून.
आईला कळतंच. दोन दिवस वरणाला कोऱ्या कापडाचा वास.

भद्रकालीतून आणलेलं अडीच मीटर,
त्याखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली सतरंजी,
सतरंजीखाली सिडकोतल्या घराची फरशी,
जिच्यावर गेल्या वर्षीच्या मोराचा निळा पाय
अजून चालतोय.

मोर खपतात. खोटं कशाला बोलू.
बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी दोरीवर टांगले
की बाराच्या आत चार मोर, दोन गणपती जातात,
आणि एखादी बाई कमळाला नखानं खरवडून विचारते,
धुतल्यावर जाईल का हो?
नाही जाणार.
एक दिवस वाळू द्यायचा, मग उलटून इस्त्री.
रंगाला मागून शेकलं की तो पुढून सोडत नाही.

या वैशाखात आमच्या रस्त्यावर पालिकेचा माणूस आला.
हातात डबा, डब्यात पिवळा, दीड इंची ब्रश.
चिंचेच्या खोडावरची धूळ त्यानं फडक्यानं पुसली
आणि मन लावून लिहिलं: ४१७.
चारची गाठ सुबक. सातचं शेपूट जरा ओघळलं.
मी विचारलं, कुठला रंग वापरता?
'ऑइलपेंट. पावसात जात नाही, ताई.'
मग डबा उचलता उचलता,
'तोवर झाड राहत नाही, ती गोष्ट वेगळी.'

त्या रात्री मोर काढले नाहीत.
पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधोमध
४१७. तशीच गाठ, तोच ओघळ.
ओघळाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

घालून गेले. भाजी आणली, पासबुक भरलं.
रांगेतला मागचा पोरगा म्हणाला, कुठली टीम?
म्हटलं, चिंच.

मग शमीमला ४०२ हवा झाला, तिच्या दुकानापुढचा उंबर.
खैरनार मॅडम म्हणाल्या, साडीवर जमेल? पदरावर नको,
पाठीवरच येऊ दे.
४२० कुणी घेईना, तो रिक्षावाल्या नंदूनं घेतला.

पालिकेच्या दारात आम्ही तेरा जण
पाठ करून उभे राहिलो, तोंड रस्त्याकडे.
हवालदार गांगुर्डे म्हणाले, फलकाला परवानगी लागते.
फलक नाही साहेब, कपडे आहेत.
मग हे काय लिहिलंय?
नंबर.
ते आमच्या मागून हळूहळू चालत गेले,
एकेक पाठ वाचत, डायरीत उतरवत.
नंदूपाशी एकटेच हसले.
शेवटाला विचारलं, आणि ते निलगिरीचं?
त्याला नंबर नाही, म्हणाली शमीम.

चिंच अजून उभी आहे.
आज शनिवार, पालिकेला सुट्टी.

घाईत माझी इस्त्री राहिली होती.
कुर्ता काढला तर घामानं पिवळा आत उतरलेला,
आई साबणानं पाठ घासत राहिली,
काय गं हे, काय गं हे, आणि चार काही जाईना.

आप्पा खाटेवरून बघत होते.
सातपूरची कंपनी बंद झाल्यापासून ते बघतातच.
उठले. पेटीतून निळा शर्ट काढला,
विटलेला, फक्त खिशावर एक चौकोन गडद,
बिल्ल्याखाली राहिलेला पहिल्या दिवसाचा निळा.
'यावर काढ.'
कितवं झाड?
'झाड नको. बावीसशे आठ.'
आणि रंग पिवळाच घे, म्हणाले.

वाळेपर्यंत दिवसभर शेजारी बसले.
दुसऱ्या दिवशी शर्ट स्वतः उलटला,
ओल्या बोटानं इस्त्री चरचरते का पाहिलं
आणि मागून, त्या चार आकड्यांवर,
दाबून धरली.
आप्पा, कापड जळेल.
'नाही जळत,' म्हणाले.
उचलली नाही.