शब्दाला चार रुपये

महापेला सातव्या मजल्यावर, रात्रपाळीत,
माझ्यापुढे मराठी येते.
शेजारी तमिळ जाते, पलीकडे बंगाली,
माझ्या वाट्याला ही.
एका वाक्याला चाळीस सेकंद.
बटणं तीन: राहू दे, काढ, वर पाठव.

काचेबाहेर पारसिकच्या डोंगराचं काळं कुबड,
अलीकडे ती बिनखिडक्यांची इमारत,
जिच्यात म्हणे सगळ्यांचं बोलणं गार करून ठेवतात.
तिथे आमची दोन खाचरं होती.
साडेबारा टक्क्यांत काय मिळालं ते काकाला माहीत,
आणि काका आमच्याशी बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी यंत्राला मराठी येत नव्हतं.
'कापून टाकीन' म्हणजे पतंग की माणूस,
त्याला कळायचं नाही.
तेव्हा याद्या मागवल्या त्यांनी, द्वेषाच्या शब्दांच्या.
शब्दाला चार रुपये.
पहिले दोनशे भराभर सुचले.
जातीवरून, धर्मावरून, बाईवरून,
कुठे शिकलो होतो आठवेना,
पण बोटांना सगळं तोंडपाठ.
मग अडलो.
शुक्रवार होता. गाडीचा हप्ता होता.
डोळे मिटले, तर आय ऐकू आली,
ओट्यावर सुरमई कापत:
मेल्या. मुरद्या. तुजा मुरदा बशिवला.
तुज्या तोंडान माती.
बासष्ट निघाले तिचे.
दोनशे अठ्ठेचाळीस रुपये.

आज पहाटे तीनला यंत्राने एक बाई पकडून आणली.
ठमाबाई भोईर, करावे गाव.
मुलगा जहाजावर. त्याच्या फोटोखाली तिने लिहिलंय,
नाहीतर नातीकडून लिहून घेतलंय:
'मेल्या मुरद्या, किती सुकलास रं,
तुला जेवाला देतान कं नाय?'
द्वेषाची शक्यता एक्क्याण्णव टक्के.

तिच्या पाठोपाठ दुसरं.
घणसोलीचं, आमच्याच सोसायटीचं,
कुणीतरी तक्रार केलेलं:
'सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.
आपल्यात मिसळतील अशाच कुटुंबांस
सदनिका भाड्याने द्यावी, ही नम्र विनंती.
कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही.'
अनुस्वारसुद्धा जिथल्या तिथे.
शक्यता तीन टक्के.
खाली त्रेचाळीस अंगठे.

कुणाबद्दल आहे ते मला माहीत आहे.
रविवारी तांबोळी म्हणून एक जोडपं
सहाशे चार बघायला आलं होतं.
त्यांच्या मुलीने लिफ्टची सगळी बटणं दाबली.
आईबाप ओशाळले.
मी म्हटलं, असू दे,
आणि दर मजल्यावर थांबत, दार उघडत, मिटत,
आम्ही चौघं चौदापर्यंत गेलो.
कुणालाच चौदाला जायचं नव्हतं.

बाईला सोडलं.
विनंतीवर 'काढ' दाबलं.
पडद्याने विचारलं: कोणता शब्द?
शब्द निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
पुन्हा वाचलं. सप्रेम. मिसळतील. नम्र.
एकही यादीत नाही.
एकाचेही चार रुपये मी घेतलेले नाहीत.
चाळिसाव्या सेकंदाला
यंत्राने आपणहून 'राहू दे' केलं.

मग अंगठे कुणाकुणाचे ते उघडून बघितलं.
सव्विसावा माझा.
न वाचता दिला असेल.
बसमध्ये, चढता चढता.

सकाळी गोठिवलीहून आयचा फोन.
तिला सात दिवस लिहायला बंदी झालीय.
मावशीच्या नातवाला वाढदिवसाचं लिहिलं होतं म्हणे,
दुसरं काही नाही.
'मी काय वंगाल बोल्ली रं?'
मी म्हटलं, मशिनची चूक आहे, आय.
मागे मिक्सर फिरत होता, वाटणाचा.
'त्या मेल्याला शिकवलं कोनी?'
असं म्हणून तिने मिक्सर बंद केला,
मी काय सांगतो ते ऐकू यावं म्हणून.